पंधराव्या रस्त्यावरची मंडळी

आमच्या वस्तीतल्या विहाराची किल्ली दोन वर्षं माझ्या कमरेला होती. पट्ट्याच्या कडीला. मी सूतगिरणीत रिंग खात्यात डॉफर. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या लावायच्या, ट्रॉली ढकलायची, परत वाकायचं. वाकलं की किल्ली पोटाला टोचायची. सवय झाली होती.

शाळा नववीत सुटली. बाप अंथरुणाला खिळला नि मी खात्यात शिरलो. पुढं जे काय शिकलो ते भेळेच्या कागदांवरनं, आणि विहारातल्या कपाटात बाबासाहेबांचे खंड आहेत त्यांतनं. कविता करतो. तरुण मंडळाचा चिटणीस आहे. म्हणून किल्ली माझ्याकडं. रविवारी वंदनेला तासभर उघडायचं, जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, सहा डिसेंबरला. बाकी कुलूप.

आता जे सांगायचंय ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड राहील.

मागच्या वर्षी जानेवारीत दुसरी पाळी करून रात्री साडेबाराला घरी येत होतो. विहाराच्या पायरीवर गल्लीतली एक पोरगी बसलेली. खांबावरच्या दिव्याखाली. मांडीवर भूमितीचं पुस्तक. शेजारी धाकटा भाऊ सोबतीला, तो पेंगलेला. तिचं घर दहा बाय दहाचं, माणसं सहा, मधे टीव्ही. मला बघून उठली.

"दादा, किल्ली तुझ्याकडंच असती न्हवं? रोज रातच्याला आठ ते अकरा उघडशील काय? आम्ही चारपाच पोरी हाय दहावीच्या. झाडून काढतो. लाईटबिलाला वर्गणी काढतो."

किल्ली माझ्या कमरेला. दार तिच्या पाठीशी. मधे अंतर चार हातांचं.

मी म्हणालो, "कमिटीला विचारावं लागंल."

कमिटी मार्चमध्ये बसली. विषय जयंतीचा. साऊंडचा दर, मिरवणुकीचा मार्ग, कमानीवर कुणाकुणाचे फोटो. अडीच तास. इतिवृत्त मीच लिहिलं. पोरीचा विषय त्यात नाही. विसरलो म्हणालो तर खोटं होईल. 'रातच्याला पोरी विहारात, काय झालं तर जबाबदारी कुणाची?' असं कुणीतरी म्हणणार, आणि सगळे माझ्याकडं बघणार, ह्याला मी भ्यालो. व्यवस्थेविरुद्ध कविता लिहिणारा मी. आमच्याच अध्यक्षांना भ्यालो.

पोरगी गणितात नि इंग्रजीत राहिली. आता यंत्रमागाच्या शेडात कांड्या भरते. मी रात्रपाळी करून येतो तेव्हा ती कामावर निघालेली असते. भेटली की हसते. किल्लीचं काढत नाही.

मित्रांनो, ह्यानंतर मी तुम्हाला एका चर्चची गोष्ट सांगणार आहे. जय भीम म्हणणारा माणूस चर्चची गोष्ट का सांगतो, हे शेवटी विचारा.

झालं असं. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही सातआठ जण 'गुलामगिरी' वाचत होतो. जोतीरावांनी १८७३ साली हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवलं म्हणून. अर्पणपत्रिका वाचून झाली तर एक पोरगा म्हणाला, "सोडवणाऱ्यांचं झालं. पण ज्यांना सोडवलं त्यांनी स्वतः काय केलं? का नुसतेच बसले वाट बघत?"

कुणालाच उत्तर येईना. मलाही. रात्रपाळीत डॉफ संपला की दहा मिनिटं मिळतात. किणकी उडत असते, नाकाला फडकं बांधून मोबाईलवर शोधत बसायचो. इंग्रजी अर्धं कळतं, अर्धं डिक्शनरीतनं काढतो. हातात कापूस होताच. ज्या पिकापायी माणसं बाजारात उभी करून विकली तोच हा कापूस. असं हुडकता हुडकता वॉशिंग्टन शहरातल्या एका मंडळीपाशी येऊन थांबलो. फिफ्टीन्थ स्ट्रीट प्रेस्बिटेरियन चर्च. पंधराव्या रस्त्यावरचं.

प्रेस्बिटेरियन हा शब्द अडला. आमच्या खात्यात एक मामा आहेत, सायडर, धर्मानं ख्रिस्ती. त्यांना विचारलं तर हसले. "लेका, आमची मंडळी मुळातली तीच की! प्रेस्बिटर म्हंजे वडील. वरनं बिशप न्हाई. मंडळीनं निवडून दिलेले वडील नि पाळक मिळून कारभार बघायचा, ही मूळची पद्धत." मग कळलं की हे दूरचं प्रकरण नाही. अमेरिकेतला वाइल्डर नावाचा मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आला. त्याचं मिशन १८७० साली प्रेस्बिटेरियन मंडळाकडं गेलं. मिरजेचा मिशन दवाखाना डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली उघडला, तोही त्यांचाच. माझी आजी तिथं जगली-वाचली असं घरात सांगतात.

मामांचे आजे मांग. ख्रिस्ती झाले. "दाखला मागाय गेलं की म्हणत्यात तू ख्रिस्ती. पाण्यावर गेलं की म्हणत्यात तू मांग," मामा म्हणाले. खरंच आहे. १९५० च्या हुकमानं अनुसूचित जातीत फक्त हिंदूच धरले. १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती झालेला दलित अजून दाराबाहेर. आपण किती सभांत हा विषय घेतला, सांगा.

जाता जाता मामांनी विचारलं, "तुमच्या विहारात काय काय चालतं रं?"

"रविवारी वंदना."

"आणि बाकीचं सहा दिवस?"

मी गप्प. तेच पुढं म्हणाले, "आमचंबी आता तसंच झालंय म्हणा. आयतवारी उघडायचं, आयतवारी झाकायचं."

तर ऐका त्या पंधराव्या रस्त्यावरच्या मंडळीचं.

गोष्ट सुरू होते एका भाजीवालीपासून. अलिथिया टॅनर. गुलाम बाई. मालकाचं काम करून उरलेल्या वेळात भाजी पिकवायची, वॉशिंग्टनमध्ये विकायची. पैसा पैसा साठवून १८१० साली तिनं १४०० डॉलर भरले आणि स्वतःला विकत घेतलं. वाचताय ना? स्वतःला. आणि तिथं थांबली नाही. भाजी विकतच राहिली. १८२६ च्या सुमारास बहीण सोडवली, बहिणीची पोरं सोडवली. पुढं आणखी कितीतरी माणसं. आमच्या पोराच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर ही बाई. कुणाची वाट बघत बसली नाही.

त्या सोडवलेल्या भाच्यांत एक जॉन कुक. सुटला तेव्हा सोळाएक वर्षांचा. आधी बूट शिवायचं काम शिकला. म्हणजे चांभारकाम. मग सरकारच्या जमीन खात्याच्या कचेरीत शिपाई. तिथं रिकाम्या वेळात अक्षर गिरवत बसायचा. १८३४ साली त्यानं काळ्या पोरांची एक शाळा चालवायला घेतली. तेव्हा तो माझ्याएवढाच असेल, चोवीसपंचवीसचा.

वर्ष झालं नाही तोवर ऑगस्ट १८३५ मध्ये शहरात दंगल पेटली. कुणी केली? नौदलाच्या गोदीतल्या गोऱ्या कामगारांनी. संपावर होते. मालकाशी भांडण होतं, पण हात उचलला तो काळ्यांवर. बेव्हर्ली स्नो नावाच्या काळ्या माणसाची चांगली चाललेली खानावळ फोडली. त्या दंगलीला इतिहासात त्याचंच नाव आहे. काळ्यांच्या शाळा मोडल्या. कुकच्या शाळेचीही मोडतोड केली. त्याला जीव घेऊन शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पळावं लागलं.

मी गिरणीतला माणूस. हे वाचताना मला १९२८ चा मुंबईचा संप आठवला. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते. धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपली थुंकी सवर्ण कामगाराला विटाळ वाटे. पगार त्याच खात्यात जास्त. बाबासाहेबांनी त्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. कामगार कामगार एक, हे खरं असायला हवं. ते खरं करायला काय काय मोडावं लागतं, ते गोदीतही दिसलं नि गिरणीतही दिसलं.

कुक पळाला तो पळालाच असं झालं नाही. पुढच्याच वर्षी, १८३६ साली परत आला. त्याच शहरात. परत शाळा उघडली. आणि १८४१ च्या नोव्हेंबरात काळ्यांची ही प्रेस्बिटेरियन मंडळी उभी राहिली. गोऱ्यांच्या चर्चमध्ये काळ्यांना वर गॅलरीत बसवत. देव खाली, काळा माणूस वर, मधे जिना. ती जागा सोडून ही माणसं बाहेर पडली. १८४३ साली कुक तिचा पाळक झाला. पण शाळा सोडली नाही. १८५५ साली मेला तोवर आठवडाभर मास्तर, रविवारी पाळक. त्याच्या मागं त्याच्या पोरांनी शाळा चालवली.

त्याच १८४१ साली पुण्यात जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. तेही प्रेस्बिटेरियनच. ह्या योगायोगानं मला मोठा आनंद झाला होता. पण थोडं पुढं वाचलं. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली नि हे मिशनरी नव्या फ्री चर्चकडं गेले. त्या फ्री चर्चनं १८४४ साली अमेरिकेत वर्गणी मागायला माणसं पाठवली आणि गुलामांच्या मालकांकडूनही पैसे घेतले. १८४६ साली फ्रेडरिक डग्लस, स्वतः पळून आलेला गुलाम, स्कॉटलंडभर सभा घेत फिरला. पैसे परत करा म्हणाला. केले नाहीत. म्हणजे एका हातानं जोतीरावांना अक्षर दिलं आणि दुसऱ्या हातानं गुलामांच्या घामाचा पैसा खिशात घातला. एकच चर्च. म्हणून पाटी बघून कुणाला ओवाळू नका, पाटी बघून कुणाला लाथाडूही नका. हात काय करतात ते बघा.

१८६२ च्या एप्रिलात वॉशिंग्टन शहरापुरती गुलामी कायद्यानं संपली. भरपाई कुणाला? मालकांना! एका माणसामागं तीनशे डॉलरपर्यंत. सुटलेल्या गुलामाला काय? देश सोडून जाणार असशील तर शंभरापर्यंत. लढाई चालू होती. दक्षिणेकडून पळालेली माणसं शहरात येत होती. अंगावर चिंध्या, पोटात काही नाही. तेव्हा एलिझाबेथ केकली ही शिवणकाम करणारी बाई पुढं आली. तिनं १८५५ साली १२०० डॉलर भरून स्वतःला नि पोराला सोडवलं होतं. आता ती राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या बायकोचे कपडे शिवायची. तिनं एका रविवारी काळ्यांच्या चर्चमध्ये सुचवलं की आपल्या लोकांसाठी आपणच संस्था काढू. दोन आठवड्यांत चाळीस माणसं कामाला लागली. ही केकली पंधराव्या रस्त्यावरच्या मंडळीतली.

१८६४ साली पाळक म्हणून हेन्री हायलंड गार्नेट आला. जन्मानं गुलाम. लहानपणी आईबापांसंगं पळालेला. १२ फेब्रुवारी १८६५ ला त्यानं अमेरिकन संसदेच्या सभागृहात उभं राहून उपदेश केला. तिथं बोलणारा पहिला काळा माणूस.

आणि आता तळघराची गोष्ट. इथं मी अडकलो. चार रात्री अडकलो.

१८७० च्या नोव्हेंबरात ह्या चर्चच्या तळघरात काळ्या पोरापोरींसाठी सरकारी हायस्कूल सुरू झालं. वरती उपासना, खाली बाकडी. काळ्यांसाठीच्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या सरकारी हायस्कुलांपैकी हे एक. पुढं शाळा मोठी झाली. १८९१ साली एम स्ट्रीटवर गेली, १९१६ साली काळ्या कवीच्या नावानं डनबार हायस्कूल झाली. कोण कोण शिकलं तिथं? रक्त साठवून ठेवायच्या शास्त्रात नाव केलेला डॉक्टर चार्ल्स ड्र्यू. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नावाचा वकील. काळ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचे खटले ह्यूस्टननं उभे केले, वकिलांची पिढी तयार केली. तो १९५० साली वारला. १९५४ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं शाळांतली ती वेगळी पंगत बेकायदा ठरवली. मी साखळी मोजतो. भाजीची टोपली, बूट शिवणारा भाचा, मोडलेली शाळा, चर्च, तळघर, आणि सुप्रीम कोर्ट. मधे कुठंही चमत्कार नाही. कुणीतरी रोज दार उघडत होतं, एवढंच.

ह्या मंडळीचा सगळ्यात मोठा पाळक फ्रान्सिस ग्रिम्के. १८७८ साली आला. मधली तीनचार वर्षं सोडली तर १९२८ पर्यंत होता. बाप गोरा मालक, आई गुलाम. बापाच्या मागं गोऱ्या सावत्र भावानंच त्याला गुलाम म्हणून राबवलं, विकलं. भावानं भावाला विकलं! असला माणूस शिकून पाळक झाला. १८८४ साली फ्रेडरिक डग्लसनं गोऱ्या बाईशी लग्न केलं, दोन्हीकडचे लोक चवताळले. ते लग्न लावलं ग्रिम्केनं. पुढं १९०६ साली त्याच्याच प्रेस्बिटेरियन चर्चचं दुसऱ्या एका गटाशी एकीकरण झालं, आणि त्यासाठी काळ्यांच्या प्रेस्बिटरी वेगळ्या करायला वाट मोकळी केली. ग्रिम्के आपल्याच चर्चविरुद्ध बोलला, लिहिलं. धर्म सोडला नाही आणि धर्मातली जातही खपवून घेतली नाही.

आता विचारा, चर्चची गोष्ट का सांगितली.

ख्रिस्ती व्हा म्हणायला नाही. बाबासाहेबांनी सगळे रस्ते तपासले आणि आपल्याला बुद्धाकडं नेलं. माझा रस्ता तोच. मला कुकच्या आयुष्यातला एक क्रम बोचला. १८३४ ला शाळा, १८४१ ला मंडळी. शाळा आधी, देऊळ नंतर. आणि मग बाबासाहेबांच्या तारखा बघा. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. १९५० ला औरंगाबादचं कॉलेज, जे पुढं मिलिंद झालं. आणि धम्मदीक्षा १९५६ ला. शाळा आधी, दीक्षा नंतर. हे मला अमेरिकेला वळसा घालून कळावं? कपाटातले खंड माझ्याच किल्लीखाली बंद होते की!

मागच्या महिन्यात कमिटीत मी विषय काढला. चर्चचं सांगायला लागलो तर एक जण म्हणाला, "उद्या पाळक आणशील काय विहारात?" हसले सगळे. दुसरा म्हणाला, लाईटबिल. तिसरा म्हणाला, पोरींची जबाबदारी. मी ज्याला भ्यालो होतो नेमकं तेच वाक्य, तस्सं आलं.

मग मी मार्चचं इतिवृत्त काढलं आणि मोठ्यानं वाचलं. साऊंड, मार्ग, कमान, फोटो. वाचून झाल्यावर म्हणालो, "ह्यात एक विषय कमी आहे. एका पोरीनं किल्ली मागितली होती. तो विषय मी खाल्ला. ती नापास झाली. हे आता लिहून घ्या." बोलताना आवाज फाटला माझा. कुणी हसलं नाही.

महिला मंडळाची एक म्हातारी कोपऱ्यात बसलेली. ती म्हणाली, "मला सही येत न्हाई. खरं दाराशी बसाय येतंय. किल्ली हिकडं आण. आठ ते अकरा मी बसती. पोरींचं मी बघती. कोण काय म्हणतंय ते मला येऊन म्हणा."

सात विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. चौघांत अध्यक्ष.

पहिल्या रात्री अकरा पोरं आली. दुसऱ्या रात्री नऊ. पंखा एक, तो आवाज करतो. लाईटबिलावरनं अजून कुरबुर आहे. माझी दुसरी पाळी नसली की मी जाऊन बसतो. लहानांची शुद्धलेखनं बघतो, माझीच चुकलेली सापडतात.

ती पोरगी आलेली नाही. मी शेडाच्या दारात जाऊन तिला सांगितलं, विहार आता रोज उघडं असतं, जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरू, फी मंडळ देईल. ती म्हणाली, "बघती दादा. पाळी बारा तासाची हाय." केसांत किणकी होती तिच्या. माझ्याही. ती आत गेली.

मला हे उशिरा सुचलं. तिची दोन वर्षं मी परत देऊ शकत नाही.

कार्यकर्त्यांनो, तुमच्या वस्तीतल्या विहाराची किल्ली कुणाकडं आहे? सोमवार ते शनिवार आत काय चालतं? भाषण नको. चार ओळी लिहून पुढच्या अंकाला पाठवा. जिथं रोज उघडं आहे तिथलं सांगा, कसं जमवलं. जिथं कुलूप आहे तिथलंही सांगा. माझ्यासारखं.

जय भीम.